झाडं तोडता, आणि वर निसर्गसेवा म्हणता?

वाचक विचारतात

मागच्या अंकात मी उत्तर लंडनमधल्या ‘पार्कलँड वॉक’बद्दल लिहिलं होतं. फिन्सबरी पार्कपासून अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत (नाव राजवाड्याचं, पण आहे लोकांच्या करमणुकीची इमारत) जाणारी जुनी रेल्वे, गाड्या बंद झाल्या, रूळ उचलले, झाडी वाढली. आज ती साधारण पाच किलोमीटरची निसर्गवाट आहे, कायद्यानं राखीव आहे, आणि आजूबाजूला राहणारी माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं तिची देखभाल करायला जातात. लेखात एवढंच होतं. पत्रं मात्र भरपूर आली. कौतुकाच्या पत्रांना काय उत्तर देणार, ती कपाटात ठेवली. भांडणाऱ्यांना आणि अडलेल्यांना आधी घेते.

आम्ही टेकडीवर झाडं लावतो. उन्हाळ्यात पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन वर चढतो. एकेक रोप जगवताना जीव मेटाकुटीला येतो. आणि तुम्ही आरामात लिहिता, ‘रविवारी सकाळी सिकॅमोरची पोरं उपटली, झुडपं छाटली.’ तोडायचंच असेल तर जागा राखीव कशाला ठेवायची? — कोथरूडचा एक टेकडीकर

टेकडीकर, रागावलात ते बरं केलंत. हा प्रश्न मला इथले लोकही विचारतात, आणि तुमच्याइतक्या सभ्य भाषेत नाही. हातात करवत दिसली की कुत्रा फिरवायला आलेली बाई थांबते आणि आधी फोटो काढते, मग विचारते.

आधी हवामानातला फरक. लंडनला पाऊस बारा महिने थोडा थोडा पडत असतो. इथं झाड जगवावं लागत नाही, ते न बोलावता येतं. ॲश आणि सिकॅमोरच्या बियांना पंख असतात. भिरभिरत येतात, पडतात, उगवतात. पाच-सहा वर्षं नजर फिरवली तर डोक्यावरून जातील एवढी होतात.

आता रेल्वेचं ऐका. वाफेच्या इंजिनातून ठिणग्या उडायच्या आणि उतारावरचं वाळकं गवत पेटायचं. म्हणून रेल्वेची माणसं दोन्ही बाजूचे उतार कापून, जाळून साफ ठेवत. जवळजवळ शंभर वर्षं हे चाललं. निसर्गप्रेमाचा त्यात काही संबंध नव्हता, पण उतारांना ऊन मिळत राहिलं. भरावाची माती निकस, खाली खडी, पाणी थांबत नाही. अशा गरीब जमिनीवर माजोरडं गवत माजत नाही, त्यामुळे नाजूक रानफुलांना जागा मिळते. फुलं आली की मधमाश्या, नाकतोडे, फुलपाखरं येतात. रूळ गेले, कापणारी माणसं गेली आणि मग झाडं सुटली. आधी ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, तिच्या आडोशानं हॉथॉर्न, त्यामागून ॲश आणि सिकॅमोर. तसंच सोडलं तर अख्खी वाट त्याच दोन-तीन झाडांच्या सावलीत जाते आणि खाली आयव्हीच्या वेलाशिवाय काही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, जंगल झालं तर बिघडलं कुठं? बिघडत नाही, पण जंगल शेजारीच आहे. हायगेट वुड आणि क्वीन्स वुड ही शेकडो वर्षांची जुनी रानं या वाटेला लागून आहेत. सावली तिथं हवी तेवढी आहे. उन्हातला गवताळ उतार मात्र या भागात रेल्वेनंच ठेवला होता, आणि तो गेला तर त्याच्यावर जगणारं सगळं गेलं. म्हणून आम्ही काही तुकड्यांवर जुन्या गँगमनचं काम करतो. झाडी ठेवायची तिथं ठेवतो, उतार उघडा ठेवायचा तिथं उघडा ठेवतो. एवढाच धंदा.

काम कसं चालतं तेही सांगते, कारण ‘छाटली’ या एका शब्दानं घोटाळा झालेला दिसतोय. उन्हाळा सरता सरता, फुलांचं बी पडून गेल्यावर गवत कापायचं. कापलेलं दोन-चार दिवस तिथंच पडू द्यायचं, म्हणजे राहिलेलं बी झडतं आणि आतले किडे चालते होतात. मग दाताळ्यानं सगळं ओढून बाहेर न्यायचं. ही ओढाओढ सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. नवे लोक म्हणतात, राहू द्या की, कुजेल, खत होईल. तेच तर नको आहे! आपल्याकडे शेतकरी जमीन सकस करायला मरतो, आम्ही ती निकस राहावी म्हणून घाम गाळतो. खत झालं की नेटल नावाचं खाजरं तण आणि जाड गवत चढतं आणि रानफुलं दबून मरतात.

कुत्र्यांचंही तेच. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी शहराजवळच्या राखीव जागांमध्ये मोजमाप केलं आणि २०२२ साली छापलं: कुत्र्यांच्या विष्ठा-मुत्रातून वर्षाला हेक्टरी सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जातं. दारातल्या गुलाबाला हे चालेल. आमच्या उताराला नाही. मी हे आकडे कुत्रेवाल्यांना तोंडपाठ म्हणून दाखवते, म्हणून काही जण मला बघून रस्ता बदलतात.

ब्लॅकबेरीची जाळी काढणं हा एक वेगळाच प्रकार. तिची फांदी कमानीसारखी वाकते आणि शेंडा जिथं जमिनीला टेकतो तिथं मूळ धरतो. तिथून नवं झुडूप. वरून कापत बसलात तर जन्म जाईल. जाड हातमोजे घालून फांदी धरायची, तिच्या मागे मागे बुडापर्यंत जायचं, आणि मातीच्या पातळीला जो गाठीसारखा गड्डा असतो तो कुदळीनं उचकटायचा. सुटतो तेव्हा कर्रर्र आवाज येतो आणि माणूस मागे बसतो. तो आवाज ऐकायला मला मनापासून आवडतं.

पण सगळी जाळी काढत नाही. पक्षी त्यातच घरटी करतात, आणि ऑगस्टमध्ये फळं खायला आख्खं गाव येतं. एका वर्षी एक तुकडा, दुसऱ्या वर्षी दुसरा, असं आलटून पालटून. आयव्ही झाडाचा गळा घोटते असं समजून लोक ती कापायला सांगतात. आम्ही हात लावत नाही. ती शरद ऋतूत फुलते, जेव्हा मधमाश्यांना दुसरं काही उरलेलं नसतं. नेटलची एखादी पट्टी उन्हात राखून ठेवतो, त्यावर पीकॉक फुलपाखराच्या अळ्या वाढतात. वठलेलं झाड वाटेवर पडणार नसेल तर उभंच ठेवतो. कापलेल्या फांद्या फेकत नाही. दोन ओळी खुंट ठोकून मध्ये फांद्या रचतो, आपल्याकडच्या काट्याकुट्यांच्या वईसारख्या. त्यात रेन नावाचा चिमुकला पक्षी शिरतो, आणि लोक उतारावरून पायवाट पाडायचे थांबतात.

झाडोरा तोडायचा तो फक्त हिवाळ्यात. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांचा विणीचा काळ. वापरातलं घरटं मोडणं १९८१च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि आमच्यातल्या आजी-आजोबांना कायद्यापेक्षा पक्ष्यांचा धाक जास्त.

तुमच्या टेकडीबद्दल मी लांबून काय बोलणार? पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी गिरिपुष्प एकसारखं लावलं गेलं आणि त्याच्याखाली काय उगवतं, किंवा उगवत नाही, ते तुम्ही रोज बघता. त्या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ झाडीच्या. पावसाळ्यात कातळावर चार आठवडे जी फुलं येतात, तिथं खड्डा घेऊन वड लावू नका. बाकी जिथं लावताय तिथं लावा. कॅन उचलणाऱ्या खांद्यांविषयी मला आदरच आहे.

लंडनमध्ये जमिनीचा भाव काय असतो हे मुलाकडे आलो तेव्हा कळलं. मग भर शहरात पाच किलोमीटरची पट्टी बिल्डरांच्या तावडीतून सुटली कशी? — डोंबिवलीहून एक निवृत्त बँक अधिकारी

सुटली नाही हो, सोडवली.

रेल्वे आली १८६७ साली. तेव्हा इथं शेतं आणि टेकड्या. १८७३ साली अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत फाटा काढला, पॅलेस आणि फाटा एकाच दिवशी, २४ मे रोजी सुरू झाले. ९ जूनला पॅलेस जळून खाक! सोळा दिवसांत गिऱ्हाईकच नाहीसं. दोन वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला, पण या फाट्याचं नशीब पहिल्यापासून असंच. १९३५ साली विजेवर चालवून भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनला जोडायची योजना आली, काम सुरूही झालं. मग महायुद्ध. युद्धानंतर पैसे नाहीत. १९५४ साली प्रवासी गाड्या थांबल्या. मालगाड्या आणि भुयारी रेल्वेचे रिकामे डबे इकडून तिकडे नेणं काही काळ चाललं, तेही १९७० साली संपलं. त्यानंतर रूळ काढले.

तुम्ही बँकेतले, पुढचं तुम्हाला सांगायला नको. घरं बांधायची टूम निघाली. काही ठिकाणी बांधलीसुद्धा: मसवेल हिल स्टेशनच्या जागी आज प्राथमिक शाळा आहे, क्रॅनली गार्डन्सच्या जागी घरं. उरलेल्या पट्टीसाठी आजूबाजूच्या रहिवाशांनी हरकती घेतल्या, सुनावणी झाली, आणि १९८४ साली वाट दुरुस्त करून लोकांना खुली केली. वाटलं, सुटलो. तर दशक संपायच्या आत सरकारच्या रस्त्यांच्या आराखड्यात ही पट्टी मोटाररस्त्यासाठी आली. सरळ, रिकामी, शहराच्या आत जाणारी. रस्तेवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटणारच. पुन्हा सभा, मोर्चे, पत्रं. १९९० साली तो बेत गुंडाळला आणि त्याच वर्षी ही जागा स्थानिक निसर्ग राखीव म्हणून जाहीर झाली. १९४९च्या कायद्यानं नगरपालिकांना तसा अधिकार आहे. बरीचशी वाट हॅरिंगे बरोची (बरो म्हणजे लंडनमधली एकेका भागाची नगरपालिका), दक्षिणेचा थोडा भाग इस्लिंग्टनचा.

आणि एक गोष्ट जी भाषणांत कुणी सांगत नाही. पट्टी अरुंद आहे. दुहेरी रेल्वेमार्गाएवढी रुंदी, दोन्हीकडे उतार, उताराखाली लोकांच्या परसबागा. बांधणाऱ्यालाही ती सोयीची नव्हती. लोकांचा लढा खरा, पण भूगोलानंही साथ दिली.

मी मागच्या सुट्टीत तिथं गेलो होतो. क्राउच एंडजवळ कमानीतून एक राक्षस बाहेर येतो. तो खरा आहे का? — वय ९, फिंचली

तो स्प्रिगन. कॉर्नवॉलकडच्या गोष्टींतला खोडकर, जरा खुनशी प्राणी. मॅरिलिन कॉलिन्स नावाच्या शिल्पकर्तीनं १९९३ साली तो तिथं बसवला. भिंतीतून बाहेर पडायच्या बेतात आहे, पण अजून पडलेला नाही. तिथून पुढं गेलास की जुन्या स्टेशनचे दोन फलाट लागतात, रूळ नसलेले. त्यांच्या मधून चालत जा आणि डब्याच्या उंचीचा अंदाज घे. आणि तुझं पत्र तुझ्या हाताचं होतं, मराठीत होतं, फक्त ‘राक्षस’मधला ‘क्ष’ उलटा काढला होतास. मला तसाच आवडला.

वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रेल्वेमुळे बिया पसरतात असं शिकवलं, पण पुस्तकात उदाहरण नाही. तुमच्याकडे आहे का? — कोल्हापूर

आहे, आणि फक्कड आहे. ऑक्सफर्ड रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप. मूळ सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरचं. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आणलं, तिथून ते शहरातल्या दगडी भिंतींवर पळालं. १८४४ साली ऑक्सफर्डला रेल्वे आली. रुळांखाली खडी आणि इंजिनातल्या कोळशाची राख. ज्वालामुखीच्या राखेत वाढलेल्या झाडाला दुसरं काय हवं? त्याच्या बीला कापसासारखे तंतू असतात. गाडी गेली की तिच्या मागच्या वाऱ्यात बी ओढलं जायचं आणि पुढच्या स्टेशनाला उतरायचं. अशा रीतीनं ते देशभर गेलं.

दुसरं बडलिया नावाचं फुलझुडूप. चीनहून बागेसाठी आणलं. बी इतकं बारीक आणि पंखदार की खडीत, पुलाच्या विटांच्या फटीत, बंद स्टेशनच्या छपरावर, कुठंही उगवतं. फुलपाखरं त्यावर तुटून पडतात, म्हणून लोकांना ते लाडकं. आम्ही पुलाच्या विटांतलं काढतो, मुळं चुना सोडवतात. बाकीचं काही ठेवतो.

तिसरं जपानी नॉटवीड, ते मात्र बीनं नव्हे, जमिनीखालच्या कंदाच्या तुकड्यानं पसरतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. म्हणून आम्ही स्वयंसेवक त्याला कापत नाही, उपटत नाही, कंपोस्टात तर मुळीच टाकत नाही. नकाशावर खूण करायची आणि नगरपालिकेला कळवायचं. ते रानात पसरवणं कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याची माती कुठंही टाकता येत नाही. उत्साही माणसानं यंत्र फिरवलं की एकाची शंभर झाडं होतात.

तुझ्याजवळचं उदाहरण हवं असेल तर गाजरगवत घे. ते १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं, आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. कोल्हापूर–मिरज रुळाच्या कडेला ते कुठं दाट आणि कुठं विरळ आहे ते स्टेशनागणिक नोंदव. माझं माहेर मिरजेचं, आकडे मला जरूर पाठव. रुळांच्या आत मात्र जाऊ नकोस. फलाटावरून आणि फाटकावरून दिसेल तेवढंच.

आमची शकुंतला बंद पडली. रुळांत बाभळी उगवल्या. आमच्या गटातले पोरं म्हणतात, लंडनसारखी निसर्गवाट करू. म्हातारे म्हणतात, गाडी परत आणा. तुमचा कौल कोणाकडे? — दारव्हा, जि. यवतमाळ

म्हाताऱ्यांकडे. विचार करायला वेळ लागला नाही.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते: शकुंतला म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अडीच फुटी रेल्वे. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीनं घातलेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं, मग डिझेल आलं. गाडी सावकाश जायची, पण तिकीट गरिबाला परवडायचं.

लंडनची वाट आणि तुमची वाट यांत एक मोठा फरक आहे. इथं गाड्या थांबल्या तेव्हा लोकांचं फार अडलं नाही. हायगेटला त्याच जुन्या स्टेशनच्या पोटाखाली १९४१ पासून भुयारी रेल्वेचं स्टेशन होतं आणि रस्त्यावर बसगाड्या होत्या. तुमच्याकडे एस.टी.चं भाडं न परवडणारी बाई तालुक्याला कशी जाते? तिला विचारल्याशिवाय निसर्गवाटेचा ठराव करू नका.

शिवाय रूळ उचलले की परतीचा रस्ता संपतो. वर डोंबिवलीच्या वाचकांना सांगितलं तेच: स्टेशनच्या जागी शाळा आली, घरं आली. आता ही रेल्वे पुन्हा सुरू करायची म्हटलं तरी शाळा पाडावी लागेल. तुमच्या मार्गाचं मोठ्या रुळांत रूपांतर व्हावं ही मागणी जिवंत आहे, तर पट्टी अखंड राहू द्या. अतिक्रमण होणार नाही एवढी पहाऱ्याची कामगिरी पोरांना द्या.

पोरांचा हिरमोड करू नका पण. परवानगी काढून रुळाच्या कडेचे पक्षी, गवतं, बोरी-बाभळी यांची यादी त्यांनी करावी. उद्या ब्रॉडगेज आली तर कंत्राटदार काय कापतोय हे सांगायला कागद हवा. आणि गाडी खरोखरच येणार नाही असं ठरलं, तेव्हा निसर्गवाट आहेच. तोपर्यंत बाभळी कुठं पळत नाहीत.

मी मास्टर्सला आले आहे, स्ट्राउड ग्रीनला खोली आहे. संध्याकाळी सहानंतर लायब्ररीतून परतताना त्या वाटेनं यावं का? दिवे का लावत नाहीत? — एक विद्यार्थिनी

नको. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, वाट एकाकी आहे, बाहेर पडायच्या जागा लांब लांब आहेत. रस्त्यानं ये, दहा मिनिटं जास्त लागली तर लागू देत. दिवसा मात्र बिनधास्त जा, धावणारे, बाबागाडीवाले, सायकलवाले यांची वर्दळ असते.

दिवे नाहीत, कारण ही राखीव जागा आहे आणि वटवाघळांना उजेड चालत नाही. हायगेटचे जुने बोगदे जाळी लावून बंद आहेत, हिवाळ्यात ती तिथं झोपतात. मध्येच जागी झाली तर साठवलेली चरबी जळते आणि वसंतापर्यंत टिकाव लागत नाही. म्हणूनच वाट मध्ये तुटते आणि चालणाऱ्यांना तेवढं अंतर रस्त्यानं किंवा रानातून जावं लागतं. दिव्यांवरून इथं दर काही काळानं वाद होतो. बायकांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. तरी माझं मत, दिवे आजूबाजूच्या रस्त्यांवर चांगले लावा, पट्टी अंधारी राहू द्या.

सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. वय ६७, जन्म शेतात गेला. इथं फ्लॅटमध्ये बसून कंटाळल्या, खिडकीतून शेजाऱ्याच्या लॉनकडे बघत ‘एवढी जागा आणि काही लावलं नाही’ म्हणत असतात. तुमच्या कामाला घेऊन येऊ का? इंग्रजी येत नाही. व्हिसाची भानगड होणार नाही ना? — हॅरो

आणा की! अशा माणसांची आम्हाला गरज आहे.

व्हिसाचं आधी. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला स्वयंसेवा करता येते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी असली पाहिजे, सगळे दिवस मिळून ३० पेक्षा जास्त नकोत, आणि ती येण्याचं मुख्य कारण नसावी. नातवंडांना भेटायला आल्या आहेत, तेव्हा शेवटची अट पुरी झाली. ज्या गटाबरोबर जाणार तो नोंदणीकृत आहे का, हे जाण्याआधी विचारून घ्या. हॅरोहून उत्तर लंडन ओलांडून यायला वेळ लागतो, तुमच्या जवळच्या रानातही असे गट असतील. बरोच्या कार्यालयात चौकशी करा.

भाषेचं अडत नाही, पण तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर या. सुरुवातीला गटप्रमुख पाच मिनिटं धोके सांगतो: उतार निसरडा आहे, करवत अशी धरायची, गवतात फुटकी काच असते, सुई दिसली तर हात लावायचा नाही. ते त्यांना मराठीत समजलं पाहिजे. पुढचं काम हातवाऱ्यांवर चालतं. आमच्यात एक तुर्की आजी आहेत, त्यांचं आणि माझं दोघींचं इंग्रजी आपापल्या वळणाचं. तरी कुठली जाळी काढायची आणि कुठली ठेवायची यावरून आम्ही व्यवस्थित भांडतो.

साडी नको, ब्लॅकबेरीत अडकते आणि फाटते. जाड सलवार किंवा सुनेची जुनी जीन्स. पायात बंद बूट, चप्पल चालणार नाही. थंडीत आत एक लोकरीचं, वर पावसाळी जॅकेट. हातमोजे गट देतो, पण हात लहान असतील तर स्वतःचे आणलेले बरे, मोठ्या हातमोज्यात दाताळ्याचा दांडा फिरतो. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा. बसून बिया गोळा करायचं, रोपांना लेबलं लावायचं कामही असतं. अकराच्या सुमाराला चहा आणि बिस्किटं. चहा इंग्रजी, तेव्हा थर्मासमध्ये आपला आलं घातलेला न्या. मीही नेते. आता निम्मा गट तोच मागतो.

पोपट बघून त्यांना आश्चर्य वाटेल. लंडनभर मोकळे फिरतात, गळ्यात गुलाबी कंठी, साताऱ्याच्या पेरूंवर बसतात तेच. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची पिल्लावळ. इथल्या पक्षीप्रेमींत त्यांच्याबद्दल दोन तट आहेत. सासूबाई कुठल्या तटात जातील हे त्यांच्या बागेचं किती नुकसान झालंय त्यावर ठरेल.

राहता राहिला विळा. तुम्ही लिहिलंय की त्या येताना सामानात टाकून घेऊन आल्यात. विमानाच्या सामानातून आला ते ठीक, पण गटाच्या कामात प्रत्येकानं आपलं हत्यार आणायचं नसतं, विम्याचा प्रश्न येतो. शिवाय कापणीचं धारदार हत्यार नव्या माणसाच्या हातात लगेच देत नाहीत, मग त्या माणसानं आयुष्यभर ज्वारी कापलेली असली तरी. पहिले काही दिवस दाताळंच मिळेल. हे त्यांना घरीच सांगून ठेवा, नाहीतर तिथं रुसतील, आणि मराठी रुसवा गटप्रमुखाला कळणार नाही.